सर्व्हर राखणाऱ्या अक्का

‘काही नाही, असंच आलं असेल,’ हे वाक्य अक्कांसमोर म्हणायची सोय नव्हती. स्क्रीनवर एखादी सूचना आली आणि कोणी तसं बोलून गेलं, की त्या चष्मा कपाळावर सरकवत आणि शांतपणे विचारत, “असंच कसं येईल रे बापू? कोणी केलं, कधी केलं, का केलं, तेवढं सांग. मंग ते काही नाही असं म्हणू.”

जळगावातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात, पहिल्या मजल्यावरच्या संगणक खोलीत मी अक्कांच्या हाताखाली सहा वर्षं काढली. आता मी धुळ्याच्या एका कॉलेजात सर्व्हर सांभाळतो. मुलं मला ‘सर’ म्हणतात आणि सर्व्हर चालवणारी युनिक्स प्रणाली मी कुठे शिकलो असं विचारतात. मी कोर्सचं नाव सांगून टाकतो. खरं उत्तर सांगायला तासभर लागेल.

अक्का रावेरकडच्या. घरी केळीची शेती. हॉस्पिटलात त्या लागल्या नोंदणीच्या खिडकीवर, टायपिस्ट म्हणून. पुढे संगणक आले, ते बसवायला आलेली माणसं जाडजूड इंग्रजी पुस्तकं मागे ठेवून गेली, आणि ती कोणीच उघडत नाही म्हणून अक्कांनी उघडली. मी शिंदखेड्याहून नवी पदवी घेऊन आलो तेव्हा खोलीत सुती साडीतल्या, पन्नाशीच्या, डब्यातली कळण्याची भाकरी खात बसलेल्या बाई पाहून मला वाटलं, साहेब बाहेर गेले असतील. मी विचारलंही, “साहेब कधी येतील?” त्या म्हणाल्या, “बस. भाकरी खाऊन होऊ दे साहेबाची.”

हॉस्पिटलचे तीन युनिक्स सर्व्हर होते. रुग्णांची नोंद, प्रयोगशाळेचे रिपोर्ट आणि रक्तपेढी. बाहेरच्याला अडवायला फायरवॉल होतीच. पण अक्कांचा जीव दुसऱ्याच एका सॉफ्टवेअरमध्ये होता. ते सर्व्हरच्या आत बसून पहारा करायचं. प्रत्येक महत्त्वाच्या फाइलचा एक ठसा काढून ठेवायचं आणि रोज नवा ठसा जुन्याशी ताडून पाहायचं. फाइलमधलं एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो. कोण आत आलं, कोणाचा पासवर्ड चुकला, तेही ते लिहून ठेवायचं. नवा सर्व्हर नेटवर्कला जोडण्याआधीच अक्का त्याचे ठसे काढत, ते एका सीडीवर उतरवत आणि सीडी लोखंडी कपाटात ठेवत. कपाटाची किल्ली त्यांच्या कमरेला.

हे सॉफ्टवेअर बसवायला अर्धा दिवस पुरतो. अवघड असतं ते त्याला शहाणं करणं. सुरुवातीला ते फोनवर इतक्या सूचना पाठवायचं की हॉस्पिटलच्या प्रशासक साहेबांनी वैतागून आपला नंबर यादीतून काढायला लावला. दुसरा कोणी असता तर त्याने निम्मे नियम बंद करून टाकले असते. अक्कांनी रोज सकाळी सूचनांचा कागद छापून घेतला आणि हातात लाल पेन्सिल धरून एकेका ओळीचा माग काढत त्या हॉस्पिटलभर फिरल्या. कारण कळलं की तेवढ्यापुरताच नियम सैल करायचा आणि त्याच्यावर मराठीत टिपण लिहायचं. मी पहिल्यांदा ती नियमांची फाइल उघडली तेव्हा वाचतच राहिलो. ‘ही फाइल दर तासाला बदलते. एक्स-रेचा प्रिंटर आहे. स्वतः जाऊन पाहिलं.’ ‘नोंदणीच्या ताई सोमवारी पासवर्ड विसरतात. फोन करून विचारणे. रागावू नये.’ अख्खं हॉस्पिटल त्या फाइलमध्ये नांदत होतं. महिनाभरात रोजच्या सूचना बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आणि त्यातली प्रत्येक वाचण्यासारखी असायची.

माझी कसोटी लागली ती अक्का भाचीच्या लग्नाला गावी गेल्या तेव्हा. त्याच आठवड्यात प्रयोगशाळेचं सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीचा इंजिनीअर लांबून काही बदल करत होता. त्या फोल्डरमधल्या फायली सारख्या बदलत आणि माझा फोन सारखा वाजे. तो फोल्डर पहाऱ्यातून वगळायचं मी अक्कांना आधी सुचवलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, “अख्खा फोल्डर नाही सोडायचा. कोणत्या फायली बदलतात त्यांची नावं आण, तेवढ्या बघू.” नावं काढायचा मला कंटाळा आला. दुसऱ्या दिवशी मी अख्खा फोल्डर वगळून टाकला. वर टिपणही लिहिलं नाही. फोन गप्प झाला आणि मला बरं वाटलं.

सोमवारी अक्का आल्या. कागद छापला, पेन्सिल घेतली आणि पहिल्याच ओळीवर थांबल्या. सॉफ्टवेअर स्वतःच्या नियमांच्या फाइलवरही नजर ठेवतं, हे मी विसरलो होतो.

“आपल्या नियमांचीच फाइल बदललीय,” त्या म्हणाल्या. “कोणी केलं?”

माझ्या तोंडात ‘अपडेट झालं असेल’ हे शब्द आले होते. पण त्या माझ्याकडे संशयाने पाहत नव्हत्या. त्यांना खरंच माहिती हवी होती.

“मी केलं, अक्का.”

“बरं झालं सांगितलंस. निम्मं काम वाचलं. आता उरलेलं बघू.”

त्यांनी माझी ओळ काढून टाकली, कपाटातून सीडी काढली आणि त्या फोल्डरची पूर्ण तपासणी लावली. बदललेल्या फायलींची लांबलचक यादी आली. अक्कांनी इंजिनीअरला फोन लावला आणि एकेक नाव वाचलं. तो ‘हो, मीच’ म्हणाला की लाल खूण. असं करत शेवटून तिसऱ्या नावाशी आल्या. पलीकडून तो म्हणाला, “ही नाही हो मॅडम. हिला मी हातच लावला नाही.”

मी ती फाइल पाहिली. तारीख जुनीच होती, आकारही तेवढाच. मी ती सहज सोडून दिली असती. अक्का म्हणाल्या, “तारीख खोटी लिहिता येते. ठसा जुळत नाही ना, बस.” फाइल उघडून त्यांनी सावकाश, ओठ हलवत वाचली. कोणीतरी त्या इंजिनीअरच्याच खात्यातून आत येऊन, लोक टाकतात ते पासवर्ड गोळा करणारा प्रोग्राम तिथे ठेवून दिला होता. आणि त्याच्यावर पांघरूण घातलं होतं मी.

अक्का उठल्या आणि थेट प्रशासक साहेबांकडे गेल्या. मी मागे.

“तिन्ही सर्व्हर बंद करावे लागतील,” त्या म्हणाल्या. “चोरलेल्या पासवर्डने बाकीच्या दोन्हींतही शिरता येतं.”

“आत्ता? अक्का, खाली ओपीडी भरलीय. आज ऑपरेशनं आहेत!”

“म्हणूनच म्हणते. कोणी आत येऊन काय बदललं ते मले अजून माहीत नाही. रक्तगटाच्या रकान्याची मी आज हमी देत नाही. तुम्ही देता का?”

साहेबांनी फोन उचलून ओपीडीला कळवलं, आजपासून सगळं कागदावर लिहा. अक्कांनी परत येऊन स्वतःच्या हाताने नेटवर्कच्या वायरी काढल्या.

दोन दिवस सगळे रिपोर्ट हाताने लिहिले गेले. ऑपरेशनच्या प्रत्येक रुग्णाचा रक्तगट पुन्हा तपासला. वरच्या मजल्यावर आम्ही मूळ डिस्कवरून सर्व्हर नव्याने उभे केले आणि जुन्या नोंदी प्रयोगशाळेच्या कागदी रजिस्टरांशी ओळीओळीने ताडल्या. काहीही बदललेलं नव्हतं. पण शेवटचं पान उलटेपर्यंत अक्कांनी तसं म्हटलं नाही, आणि मलाही म्हणू दिलं नाही.

मग विश्वस्तांना अहवाल द्यायचा होता. अक्कांनी माझा भाग मलाच लिहायला लावला. मी लिहिलं, ‘नजरचुकीने फोल्डर वगळला गेला.’ त्यांनी ‘नजरचुकीने’वर काट मारली. “तू बघून केलं ना? कंटाळून केलं, असं लिही.” मी तसं लिहिलं. त्याखाली त्यांनी स्वतःच्या अक्षरात भर घातली: एकटा माणूस कोणाला न विचारता नियम बदलू शकत होता, ही व्यवस्था माझी होती, तेवढी चूक माझी.

बैठकीत एका विश्वस्ताने विचारलं, “या मुलाला ठेवायचं कशाला?”

अक्का उभ्या राहिल्या. “विचारल्याबरोबर ज्याने खरं सांगितलं त्याला काढलं, तर पुढच्या वेळी कोणी सांगणार नाही. मंग माझं सॉफ्टवेअर काय कामाचं, साहेब?”

माझी नोकरी राहिली. त्या दिवसापासून नियमांत कोणताही बदल दोघांच्या सहीशिवाय झाला नाही. अक्कांनी केलेल्या बदलांवर मी सही करायचो, आणि मी नीट वाचल्याशिवाय सही केली तर त्या रागवायच्या. एवढ्या जाणत्या बाईने माझ्याकडून तपासून घ्यावं, याचा मला शेवटपर्यंत संकोच वाटत राहिला.

त्या निवृत्त झाल्या त्या दिवशी खाली हॉलमध्ये शाल-नारळाचा कार्यक्रम होता. अक्का आधी वर आल्या. म्हणाल्या, “माझं खातं बंद कर. माझ्यासमोर.”

“उद्या करतो की अक्का. आज कशाला?”

“तुमचा सगळ्यांचा माझ्यावर विश्वास आहे. माझ्या नावाने कोणी आत आलं तर तुम्ही त्याला अडवणार नाही. म्हणून आज.”

मी बंद केलं. त्यांनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला, आपलं नाव टाकलं, पासवर्ड टाकला. सर्व्हरने नाकारलं. त्यांनी पुन्हा टाकलं. पुन्हा नाकारलं. तिसऱ्यांदा टाकलं, आणि शेजारच्या पडद्यावर तांबडी ओळ आली: या नावाने कोणीतरी आत येण्याचा प्रयत्न करत आहे.

अक्कांनी ती ओळ नीट वाचली. मग खुर्ची मागे सारली, पदर सावरला आणि म्हणाल्या, “चांगलं चाललंय. चल, खाली माणसं थांबलीत.”