दाजींनी माप घेतलं नाही

आमचे दाजी शिंपी. जुना कोट उसवून असा सैल करतील, की गिऱ्हाईक नवा शिवायचं विसरेल. पण स्वतःच्या गेमिंग कॉम्प्युटरचं नुसतं ग्राफिक्स कार्ड बदलावं की सगळा नवाच जोडावा, यावर त्यांनी महिनाभर घर डोक्यावर घेतलं. शेवटी कार्ड आणलं. नाचत बसवायला गेले, तर ते कॅबिनेटमध्ये मावेना. दोन बोटं लांब!

"अहो, माप नव्हतं घेतलं?" ताईला हसू आवरेना.

"आता नवाच घ्या दाजी," मी मीठ चोळलं.

दाजींनी गळ्यातली टेप आत घातली, कार्डाच्या आड येणारा हार्ड डिस्कचा एक रिकामा कप्पा मोजला आणि स्क्रू ड्रायव्हर उचलला.

"नवा कशाला? इथे उसवायला जागा आहे!"

कप्पा निघाला, कार्ड बसलं, गेम सुरू झाला आणि दाजींच्या आरोळीने शेजारी धावत आले.