डाव्या अंगठ्याची निशाणी

आधीच सांगून टाकतो. आमच्या घरातून देव गेले ते माझ्या जन्माआधी, आणि त्यांच्या पाठोपाठ भुतंही गेली. मी अक्षरं गिरवली ती वडील आणायचे त्या पत्रकांवर. मिसरूड फुटलं तसा स्वतः पत्रकं लिहू लागलो. भानामती, अंगारे-धुपारे यांच्याविरुद्ध बेंबळीच्या बाजारात मी भाषणं ठोकली आहेत. त्यामुळं हे लिहिताना लाज वाटते आहे... पण घडलेलं लपवून ठेवणं मला त्याहून वाईट वाटतं, म्हणून लिहितो.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. पाऊस आला तरी आम्हा भूमिहीनांचं पोट सरकारी कामांवरच होतं, आणि काम द्यायचं की नाही ते ठेकेदाराचा मुकादम ठरवायचा. म्हणून आम्ही मजुरांची सहकारी संस्था काढायची ठरवलं. रस्ते, बंधारे आपल्याच संस्थेच्या नावावर घ्यायचे! अर्ज मी लिहिला. सह्या थोड्या, अंगठे जास्त. गावातल्या एका बड्या माणसानं लगेच तक्रार ठोकली — यातला एक अंगठा खोटा आहे. कुणाचा, ते आम्हाला कळवलं नव्हतं. पुण्याला सहकार खात्यात सुनावणी लागली. नोंदणी फेटाळली गेली की पुन्हा मुकादमाचंच राज्य. तक्रार धादांत खोटी आहे याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. चार पानी भाषण लिहिलं आणि रात्रीची एस.टी. पकडली.

पुण्यात उतरलो तो नाना पेठेतल्या एका मुसाफिरखान्यात. चार खोल्या, मधे फरशीचं अंगण, कोपऱ्यात नळ. चालवणारी चाची मूळची नळदुर्गची, त्यामुळं आपल्याकडचे लोक कचेरीच्या कामाला आले की तिथंच उतरायचे. माझा एक नेम होता, अजून आहे — कुठलाही उंबरा ओलांडण्याआधी जात सांगायची. नंतर तोंडं वाकडी व्हायला नकोत. दारातच म्हणालो, "मी बौद्ध आहे. चालेल?"

"चालायला काय झालं? पाय हायत की तुला," चाची म्हणाली. "चप्पल तेवढी भाईर काढ. आत्ताच फरशी धुतलीय."

आणि मी बसायच्या आत आपल्या पिण्याचा तांब्या माझ्या हातात दिला. भांडणाची सगळी तयारी वाया गेली.

सुनावणी दुसऱ्या दिवशी अकराला होती. जेवून दुपारी मी अंगणात येरझाऱ्या घालत भाषण पाठ करत होतो — "साहेब, श्रमिकांचे हे हात..." तेवढ्यात दारातून धोंडामावशी आत आल्या. आमच्या आळीतल्या, एकट्या राहणाऱ्या, संस्थेच्या सभासद. मला आश्चर्य वाटलं नाही. वाटलं, कुणाबरोबर तरी आल्या असतील. त्या नळाजवळच्या पायरीवर बसल्या. चाचीनं त्यांना पाणी दिलं.

"लेकरा, माझ्या नावापुढं काय लिवलंस ते वाच की."

मी अर्जाची नक्कल काढून वाचलं, "धोंडाबाई... निशाणी डावा अंगठा."

त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि डावा हात माझ्यापुढं धरला. चार बोटं होती. अंगठा मुळापासून नव्हता.

"कवा झालं हे?" माझ्या तोंडून गावची बोली निघाली.

"खडी फोडताना. दुष्काळात. तवा तू त्याच ढिगावर उभारून पत्रक वाचत हुतास. लई मोठ्यांदा."

मी नक्कल पुन्हा वाचली. वेळ वाचावा म्हणून मी सही न येणाऱ्या सगळ्यांच्या नावांपुढं 'निशाणी डावा अंगठा' आधीच घरी लिहून ठेवलं होतं. मग संध्याकाळी कामावर जाऊन एकेकाचे ठसे घेतले. मावशींनी उजवा पुढं केला, मी शाई लावली, दाबला, पुढच्या नावाकडं वळलो. म्हणजे तक्रार खरी होती. ज्या बाईला डावा अंगठाच नाही तिच्या डाव्या अंगठ्याचा ठसा मी सरकारला दिला होता.

पेन आणायला खोलीत गेलो. बाहेर आलो तर पायरी रिकामी.

"आत्ताच गेली," चाची म्हणाली. "बिचारी दोन्ही तळव्यांत तांब्या धरून पीत होती. जेवून जा म्हटलं, तर हसली नुसती."

पेठ पालथी घातली, स्टँडवर जाऊन आलो. मावशी कुठंच नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी समोरचे वकील उठायच्या आत मी उठलो. भाषण खिशातच राहिलं. म्हणालो, "साहेब, धोंडाबाईंचा ठसा उजव्या अंगठ्याचा आहे. डावा त्यांना नाही. चूक लिहिणाऱ्याची, म्हणजे माझी आहे."

वकिलांनी उघडलेली फाइल मिटली. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "हे तुम्हाला कधी कळलं?"

"काल."

"सांगितलं कुणी?"

"त्यांनीच."

धोंडाबाईंचा ठसा तहसीलदारांसमोर नव्यानं घ्यावा असा हुकूम झाला. दोन महिन्यांनी संस्था नोंदली गेली.

पण त्याच्या आधीचं सांगायचं राहिलं. गावी परतलो तो थेट मावशींकडं गेलो. त्या भाकरी थापत होत्या.

"पुन्याला? म्या?" त्या हसत सुटल्या. "आरं, म्या धाराशिव सुदीक दोनदाच बघितलंय. त्या दिशी बंधाऱ्यावर हुते की. इच्यार मुकादमाला."

विचारलं. हजेरीपटावर त्या दिवशी त्यांची हजेरी होती, मुकादमाच्या हातची. आणि तो आमच्यासाठी खोटी हजेरी मांडणारा माणूस नव्हे.

मी लॉजिक लावून पाहिलं. रात्रभर एस.टी.त जागलो होतो, भास झाला असेल. त्यांचा हात पूर्वी कधीतरी पाहिला असेल, तो मनात राहिला असेल. असेलही. पण मग चाचीनं पाणी दिलं ते कुणाला?

म्हणून नोंदणीचा कागद आणायला गेलो तेव्हा मावशींना मुद्दाम बरोबर नेलं. वाटेत त्यांना गाडी लागली, इंदापूरपर्यंत त्या मला शिव्या घालत होत्या. चाचीला मी काहीच कळवलं नव्हतं. तिनं दार उघडलं, माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"आलीस व्हय? त्या दिशी उपाशीच गेलीस. आज जेवल्याबिगर सोडायची न्हाय."

मावशी सरळ जाऊन नळाजवळच्या त्याच पायरीवर बसल्या. चाचीनं दिलेला तांब्या दोन्ही तळव्यांत धरला आणि प्यायल्या. मग मला म्हणाल्या, "असं बघू नगंस. मला बी काय ठावं न्हाय."

मलाही अजून ठाऊक नाही. भानामतीविरुद्धची माझी भाषणं चालूच आहेत, चालूच राहतील. फक्त आता कुणाचाही अंगठा घ्यायचा झाला की कागद बाजूला ठेवतो आणि म्हणतो — आधी हात दाखवा. दोन्ही.