आतोबांच्या निऱ्या

सपाट वस्तूंचा इतका मनापासून राग असलेला माणूस मी आमच्या आतोबांखेरीज दुसरा पाहिला नाही. माझ्या आत्याचे हे यजमान वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात छपराचे पन्हळी पत्रे बनवायच्या मशीनवर होते. ऐंशीच्या दशकात माजिवड्याला त्यांच्या घरी गेलं, की चहाआधी एक जुनी लग्नपत्रिका आणि पेला पुढ्यात येई. दोन डब्यांवर आडव्या टाकलेल्या पत्रिकेवर पेला ठेवला, की ती मान टाकायची. मग तिलाच पंख्यासारख्या घड्या घातल्या, की तोच पेला वर ऐटीत उभा! माझ्या बहिणीला बघायला आलेल्या मंडळींसमोरही त्यांनी हा प्रयोग केला, तोही भरल्या पेल्याने. मान टाकण्याच्या भागातच पाणी मुलाच्या वडिलांच्या मांडीवर गेलं. लग्न तरीही जमलं. आतोबांच्या मते प्रयोगामुळेच.

शब्दांबाबत तर ते फारच हळवे. पत्र्याला पन्हळी, झग्याला चुण्या, शेतात सऱ्या, मोदकाला कळ्या, कपाळाला आठ्या. एकाचा शब्द दुसऱ्याला लावलेला त्यांना खपत नसे. मी एकदा पत्र्याच्या सुरकुत्या म्हणालो, तर पत्रा काय म्हातारा झालाय का, असं विचारून त्यांनी जेवण होईपर्यंत माझा पिच्छा सोडला नाही.

नव्वदच्या दशकात आत्याला अर्धांगाचा झटका आला. ती हळूहळू चालू-बोलू लागली, पण उजव्या हाताची बोटं काही वळेनात. साडी दुसऱ्या कुणी नेसवलेली तिला नको होती, म्हणून ती गाऊनवरच राहायची आणि कुठे जायची नाही. डोंबिवलीला माझं लग्न ठरलं, तेव्हा येणार नाही म्हणून तिने आधीच कळवलं.

आतोबांनी तिच्या साड्या बाहेर काढल्या. कामावरून आले, की खुर्चीच्या पाठीला साडी गुंडाळून निऱ्या घालत बसायचे. सुती साडी ऐकायची, रेशमी निसटायची. पत्रा दाबला की दबतो, हिला विचारावं लागतं, असं वैतागून म्हणायचे. शेवटी आत्याच पलंगावरून त्यांना शिकवू लागली.

लग्नाला ती आली, अंजिरी रेशमी साडीत, निऱ्या अगदी एकसारख्या. कुणी नेसवली, म्हणून बायकांनी तिला घेरलं. आतोबा सांगायला पुढे सरसावले, तसा तिने डावा हात त्यांच्या मनगटावर ठेवला.

"मीच नेसले," ती म्हणाली. "हात तेवढे यांचे."

पुढे ती बरीच वर्षं होती. कुठे निघायचं असलं, की दोघं दार लावून घेत आणि आम्ही बाहेर ताटकळत थांबायचो. आतलं बोलणं ऐकू येत नसे. आत्या हसलेली मात्र कळायची.