आधी चाखलेली हवा

काकूंचा धाक सगळ्या गल्लीला होता, तिथे काकांची काय कथा! उभा जन्म काकूंनी खाणावळ चालवली. स्वतः चाखल्याशिवाय कुणाच्या ताटात काही वाढायचं नाही, हा त्यांचा नियम. त्यामुळे काकांच्या हृदयाची नळी चोंदली आणि डॉक्टरांनी स्टेंट घातला, तेव्हा काकूंनी कंबर कसली. तेल गेलं, लोणी गेलं, मिठाची बरणी कुलपात गेली.

"आता माझ्या परवानगीशिवाय तुमच्या तोंडात काही जाणार नाही."

"गोळ्या तेवढ्या जाऊ दे," काका म्हणाले.

काका बसचे निवृत्त ड्रायव्हर. बसून राहण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. म्हणून रोज सकाळी काकू त्यांना दाराबाहेर काढत. "जा, डेपोपर्यंत हवा खाऊन या." चक्कर आलीच तर तिथे जुने सोबती आहेत, असा त्यांचा हिशेब.

"तिकडे धूर फार असतो गं. गाड्या सुटायची वेळ ती," काका कुरकुरत.

"जन्मभर धुरातच होतात की! आत्ताच बरा झोंबायला लागला. निमित्तं नकोत."

काका मुकाट्यानं जात. परतले की रुमाल धुवायला टाकत, त्यावर मधोमध काळा डाग. "यानं बूट पुसता की काय?" असा तोंडाचा पट्टा सोडत काकू रुमाल घासून काढत.

एका सकाळी काकांच्या छातीत पुन्हा कळ आली. डेपोतल्या दोघांनी त्यांना उचलून दवाखान्यात नेलं, म्हणून थोडक्यात निभावलं. काकू धापा टाकत पोचल्या आणि डॉक्टरीणबाईंना त्यांनी पथ्याचा पाढाच वाचून दाखवला.

"छान सांभाळलंत. फिरायला कुठे जातात?"

काकूंनी तेही तोऱ्यात सांगितलं.

"काकू, गाड्यांचा धूर नुसता फुप्फुसात राहत नाही. त्यातले अगदी बारीक कण रक्तापर्यंत पोचतात. रक्तवाहिन्यांना सूज येते, गुठळी व्हायचा धोका वाढतो. आधीच दुखावलेल्या हृदयाला ते फार जड जातं. एवढ्यानंच झालं असं मी म्हणणार नाही. चालणं सोडू नका, रस्ता तेवढा बदला."

मिठाच्या कणाकणावर पहारा ठेवला आणि रोज सकाळी नवऱ्याला आपणच धुरात ढकललं, हे काकूंच्या मनातून जाईना.

काकांना घरी आणलं, तरी काकू त्यांच्या नजरेला नजर देईनात. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"तुम्ही धुराचं सांगत होतात. मी मेलीनं ऐकलं नाही."

"छे गं! कसला धूर न् कसलं काय. आळस होता माझा, म्हणून बहाणा केला. तू बरोबर ओळखलंस."

काकू खिडकीतून बघत राहिल्या. दोरीवर काकांचे रुमाल वाळत होते. प्रत्येकावर, नाकाशी धरावा नेमक्या तेवढ्याच जागी, घासूनही न गेलेली करडी झाक होती. एवढ्या संसारात या माणसानं ऐकलं सगळं, पण 'तुझंच बरोबर' असं कधी म्हटलं नव्हतं, आणि आज आपल्यासाठी खोटं बोलून हार मानत होता. काकूंना रडू आवरेना.

मग डोळे पुसून त्या उठल्या.

"चपला घाला. मागच्या गल्लीनं जाऊ, झाडांकडे. मीही येते."

"तू कशाला?"

"तिथली हवा आधी मी चाखून बघणार आहे."