नामदेवकाकांचे सव्वातीन तास

एका रिपोर्टची खरी किंमत सांगतो. सहासष्ट वर्षांचा माणूस लाकडी स्टुलावरून सव्वातीन तास लघवीलाही उठला नाही.

तो माणूस म्हणजे आमचे नामदेवकाका. त्यांना जाऊन आज एक वर्ष झालं.

शेगावात लॅब टाकली तेव्हा माझ्याकडे एक सायकल, एक आइसबॉक्स आणि भरपूर तोंड होतं. हातातलं काम मात्र काकांनी शिकवलं. सरकारी लॅबमधून रिटायर होऊन ते माझ्याकडे आले होते.

पुढे मी मोठं मशीन घेतलं.

रक्ताची गुठळी विरघळवणारं प्रोटीन आपल्या अंगातच असतं. त्याचा जोर किती, ते तोवर काका डोळ्यांनी पाहायचे; हे मशीन रंगावरून सांगतं. रंग जेवढा पिवळा, तेवढा जोर जास्त.

मी फ्लेक्स लावला. 'अर्ध्या तासात रिपोर्ट!'

काकांनी तो वाचला. "म्हंजे माह्या डोळ्याले सुट्टी का बे, गजा?"

"सुट्टीच समजा काका."

त्याच आठवड्यात वरवट बकालच्या शांताबाई आल्या. भाजीवाल्या. गर्भाशयात गाठ, महिना महिना रक्त जात होतं. ऑपरेशनची तारीख ठरलेली. पण त्यांचा भाऊ एका साध्या ऑपरेशनमध्ये रक्त न थांबून गेला होता, म्हणून डॉक्टरांनी आधी ही टेस्ट सांगितली.

शीर सापडेना. मी दंडाला पट्टा आवळून बराच वेळ शोधत बसलो.

रिपोर्ट अर्ध्या तासात. रंग गडद पिवळा. गुठळी टिकणारच नाही असा जोर.

डॉक्टरांनी ऑपरेशन रद्द केलं.

काकांनी रिपोर्ट पाहिला आणि मला आत बोलावलं.

"बाई आली कशी?"

"स्टँडावरून पळत. बाकावरच्या बाईला सांगत होती, उशीर झाला म्हणून."

"तुले ऐकू आलं?"

"आलं की. माझे कान तिखट आहेत."

"मंग लिहिलं काऊन नाही? माणूस पळाला, दंड आवळून धरला, की नसा त्या प्रोटीनले चेतवतात. तू बाईचं रक्त नाही मोजलं बे. तिची धावपळ मोजली."

मी रजिस्टर उघडून शांताबाईंचा नंबर शोधला.

दुसऱ्या दिवशी शांताबाईंना परत बोलावलं. काकांनी त्यांना पंख्याखाली बसवलं. अर्धा तास.

"बसवून काऊन ठेवलं मले? सुई टोचा न. वांगे सुकून राह्यले तिकडं."

"माह्या हाताले भेव वाटून राह्यलं, बाई. जरा दम खाऊ द्या."

मग पट्टा न बांधता रक्त घेतलं. समोरच्या रसवंतीतून बर्फ आणला, नळी त्यात ठेवली. थोडं मशीनला दिलं. बाकीच्याची काकांनी जुन्या रीतीने गुठळी बांधली, अंगाएवढ्या कोमट पाण्यात ठेवली आणि स्टूल ओढलं.

ही रीत अशी: गुठळी किती वेळात विरघळते, ते डोळ्यांनी पाहायचं. लवकर विरघळली तर धोका. दर दहा मिनिटांनी नळी तिरपी करायची.

मशीनने अर्ध्या तासात सांगितलं, जोर नॉर्मल.

"झालं की काका. उठा आता."

"काल बी मशीननंच सांगतलं होतं."

"मग मी पाहतो, तुम्ही जाऊन या."

"तू मोबाइल पाहशील."

सव्वातीन तासांनी गुठळी सुटली. नॉर्मल माणसाची सुटते तशी.

काकांनी स्वतः डॉक्टरांना फोन केला. "पह्यला रिपोर्ट आमची चूक होती, साहेब." 'आमची' म्हणाले. 'गजाची' नाही म्हणाले.

फोन ठेवला, मगच बाथरूमला गेले.

ऑपरेशन झालं. रक्त थांबलं. महिन्याभराने शांताबाई वांग्यांची पिशवी घेऊन आल्या. स्टँडावरून हळूहळू चालत.

काका, तुमचं स्टूल तिथंच आहे. त्यावर कोणी पिशवीसुद्धा ठेवत नाही. नव्या पोरी येतात, त्यांना पहिल्या दिवशी मी मशीन दाखवत नाही. आधी पेशंटला विचारायला शिकवतो: कसे आलात, किती चाललात. आणि ते लिहायला लावतो. हे मी असेपर्यंत चालेल. मी नसलो तरी चालावं, अशी तजवीज करतोय.

तुमच्या शिकवणीला आणि तुम्हाला, मनापासून नमस्कार.

फ्लेक्स मी उतरवलाय. आमच्याकडे या रिपोर्टला आता एक तास लागतो. त्यातला पहिला अर्धा तास पेशंट नुसता बसतो.