हाराखालचा हात

समस्त सोयरेधायरे, भाऊबंद आणि गडग्यापलीकडची मंडळी यांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की आमच्या सासूबाई ठणठणीत आहेत. काल जेवताना त्यांनी सोलकढी पुन्हा मागून घेतली. तसेच, आपल्या मृत्यूनंतर भिंतीवर लागणाऱ्या फोटोची निवड त्यांनी स्वतः, पूर्ण शुद्धीत आणि चष्मा लावून केलेली आहे. फोटो फ्रेम होऊन कपाटात गोधडीखाली ठेवला आहे. यापुढे कोणाचीही सूचना ऐकून घेतली जाणार नाही.

एवढी जाहीर सूचना द्यायची वेळ आली, त्याला कारण झालं एक आधारकार्ड.

गेल्या थंडीत सासूबाईंच्या मामेबहिणीच्या तेराव्याला आम्ही जाऊन आलो. परतताना रिक्षात आई अवाक्षर बोलल्या नाहीत. मी त्यांना आईच म्हणते, आणि आई गप्प बसल्या की आत काहीतरी शिजतंय हे मला इतक्या वर्षांत कळायला लागलंय. घरी येऊन पाय धुतले आणि झाकण उडालं.

"आधारकार्डावरला फोटो मोठा करून लावलान गो तिच्या लेकानं! चंदनाचा हार, उदबत्ती, आणि आत बिचारी पकडलेल्या चोरासारखी! जन्मभर हसत राहिलेली बाई ती."

मला हसू आलं.

"हसू नको. तुझा नवरा पण तेच करणार. त्याने एकदा केलंन आहे." आणि त्यांनी बोट भिंतीकडे दाखवलं.

भिंतीवर आमचे सासरे आहेत. टोपी, बारीक मिशी, डोळ्यांत थोडी मिश्किली. चेहरा उत्तम. भानगड खांद्याची आहे. सासऱ्यांना फोटो काढून घ्यायची भारी नावड, त्यामुळे ते गेले तेव्हा घरात त्यांचा एकट्याचा फोटोच सापडला नाही. शेवटी माझ्या नवऱ्याने कुणाच्या तरी लग्नातला जुना ग्रुपफोटो शोधून काढला, त्यातून वडिलांना कापून मोठं केलं आणि फ्रेम करून आणलं. भिंतीवर लावल्यानंतर सगळ्यांच्या लक्षात आलं की वडिलांच्या डाव्या खांद्यावर एक हात आहे. माणूस कापला गेला, हात राहिला. बोटात खड्याची अंगठी असलेला, चांगला जाडजूड हात.

हात कोणाचा असावा? शेजारच्या चुलत सासऱ्यांचा!

हे ऐकून परक्या माणसाला काही वाटणार नाही, म्हणून सांगते. आमचं घर आणि चुलत घर यांच्यामध्ये गडगा आहे. जांभ्या दगडांची एकावर एक रचलेली, कमरेएवढी भिंत. तो गडगा हातभर इकडे हवा की तिकडे, यावरून हे दोघे चुलतभाऊ मरेपर्यंत एकमेकांशी बोलले नाहीत. फोटो भांडणाच्या आधीचा. म्हणजे ज्या हाताने पुढे गडग्याचे दगड सरकवले असा आमच्या घराचा आरोप आहे, तोच हात सासऱ्यांच्या खांद्यावर प्रेमाने विसावलेला, आणि आई रोज सकाळी त्याला हार घालतात. हार जाड असला तर हात झाकतो. फुलं सुकली की अंगठी डोकावते.

सासऱ्यांच्या तेराव्याला चुलत सासरे आले होते. फोटोसमोर बराच वेळ उभे राहिले. स्वतःची अंगठी त्यांनी ओळखली असणारच. पानावर न बसता तसेच निघून गेले. पुढे तेही गेले.

भांडणारे दोघे गेले, पण भांडण बायकांकडे वारसाहक्काने आलं. आई आणि त्यांची चुलत जाऊ, म्हणजे आमच्या काकू. दोघी पंचाहत्तरीच्या पुढच्या, दोघी गडग्याला लागून वावरणाऱ्या, आणि एकमेकींशी बोलायचं नाही हा दोघींचा नेम. मात्र ऐकवायला मनाई नाही. आई कावळ्याशी बोलतात. "कावळ्या, काही जणांच्या पंपाचं पाणी वाहून गेलं तरी त्यांना कळत नाय रे." मग पलीकडून काकू आपल्या कुत्र्याला सांगतात, "ऐकलंस ना रे बाळा? स्वतःच्या घरात काय उकळतंय ते बघायचं नाय, आणि दुसऱ्याचं पाणी मोजायचं." आणि बघावं तर आमच्या स्वयंपाकघरात खरंच दूध उतू जात असतं. म्हणजे सावधगिरीच्या सूचनांची देवाणघेवाण चोख. फक्त मध्ये एक पशू किंवा पक्षी लागतो.

तर आईंनी फर्मान काढलं: "माझा फोटो मी जिवंत असताना निघणार. मी बघणार, मी पसंत करणार. आणि माझ्या खांद्यावर कोणाचा हात नको! तू काढ. तुझ्याकडे तो नाद आहे."

नाद आहे हे खरं. मी दिवसभर वीजबिलं भरून घेणाऱ्या खिडकीमागे बसते. त्या चौकोनातून मला माणसाचा एकच चेहरा दिसतो, बिल जास्त आलेला. म्हणून सुट्टीच्या दिवशी मी मोबाईल घेऊन रत्नागिरीभर भटकते आणि माणसांचे बाकीचे चेहरे गोळा करते. एसटी स्टँडवर पेपर डोक्यावर धरून झोपलेले गृहस्थ. छत्री दुरुस्त करताना तारा दातांत धरणारा. चहाच्या टपरीवर एकाच कपात फुंकर घालणारं नवं जोडपं. माझा नियम एकच. माणसाला कळण्याआधी फोटो निघाला पाहिजे. कळलं की माणूस संपतो, पुतळा उरतो.

आणि आईंना तर मोबाईल खिशातून निघायच्या आधीच कळतं.

पहिला प्रयत्न घरात झाला. आई जरीकाठी नेसून, नथ घालून खुर्चीत बसल्या, हात गुडघ्यांवर. मी म्हटलं, "आई, जरा हसा." त्यांनी ओठ दोन्ही बाजूंना ताणले. फोटो बघून त्याच म्हणाल्या, "ही तर आत्ताच गेलेली दिसते. पूस."

मी ठरवलं, घरात नको. यांना बाहेर काढायचं, माणसांत न्यायचं. आईंनी ठरवलं, नथ काढायची नाही. असे दोन पक्के निश्चय एका रिक्षात बसून दर रविवारी निघायला लागले.

भाट्याच्या किनाऱ्यावर गेलो. सुरूच्या बनापुढे वाळूत आई झेंडावंदनाला उभ्या राहाव्यात तशा उभ्या. वारा पदर ओढतोय, आई पदर ओढतायत, आणि दोघेही हरायला तयार नाहीत. नेमकं तिथेच एका लग्न ठरलेल्या जोडप्याचं फोटोकाम चाललं होतं. मुलीचा झगा वाळूवर इतका पसरला होता की त्यात आमच्या आळीचं गणपतीचं जेवण बसलं असतं. त्यांचा फोटोग्राफर आईंना म्हणाला, "आजी, जरा बाजूला होता काय? फोटोत येताय."

"मी पण फोटोलाच आलेय," आई जागच्या हलल्या नाहीत. "तुमचा लग्नाआधीचा, माझा मेल्यानंतरचा. घाई जास्त कोणाला, तूच सांग."

नवरा मुलगा हसता हसता वाळूत बसला. आईंच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे काही होतं ते मला हवं होतं, पण मी स्वतःच हसत होते आणि मोबाईलमध्ये आलं फक्त आभाळ. मी हात चोळत बसले. आई म्हणाल्या, "तुझ्यानं होणार नाय. स्टुडिओत जाऊ."

तेव्हा मात्र मला जिद्द चढली. स्टुडिओ? पंखा लावून, पाठीमागे रंगवलेला धबधबा ठेवून? या बाईचा खरा चेहरा मी रोज बघते आणि तो मला पकडता येत नाही म्हणजे काय! मी विचार केला. आई स्वतःला कुठे विसरतात? देवळात नाही, तिथे त्यांचं लक्ष चपलांकडे असतं. लग्नात नाही, तिथे आहेरांकडे. मग उजेड पडला. मासळी घेताना! मासळीपुढे आईंना ना जगाचं भान, ना पदराचं, ना मोबाईलचं.

"आई, उद्या मिरकरवाड्याला जाऊ. सुरमई आणू. फोटो राहू दे," मी म्हटलं. शेवटचं वाक्य धादांत खोटं होतं.

आईंनी ते तिन्हीसांजेला लगेच कावळ्याला कळवलं. "उद्या आम्ही बंदरावरून सुरमई आणणार हो कावळ्या. काही जणांना दारावर येतील त्या शिळ्या मांदेल्यांवर समाधान." कावळा केव्हाच झोपायला गेला होता. पलीकडे कुत्रा मात्र एकदा भुंकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिरकरवाड्याला पोहोचलो. ट्रॉलर लागलेले, बर्फाच्या लाद्या फुटतायत, पायाखाली पाणीच पाणी, आणि आरडाओरडा असा की स्वतःचा विचारसुद्धा मोठ्याने करावा लागावा. आईंनी नथ घातली होती, पण साडी गुडघ्याशी खोचली आणि त्या गर्दीत घुसल्या. मी दोन पावलं मागे, मोबाईल छातीशी धरून.

एका मासेवालीपुढे एकच मोठी सुरमई होती. आईंनी वाकून तिचे कल्ले उचलून पाहिले, डोळा दाबला, पोटावर टिचकी मारली. इतक्यात दुसऱ्या बाजूने एक हात आला आणि त्याने शेपूट धरलं.

काकू! कुत्र्याने निरोप पोहोचवला होता.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही. इथे कावळा नव्हता, कुत्रा नव्हता. आता बोलायचं कोणाशी? आई सरळ सुरमईच्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, "काय गो बाय, तुझं डोकं माझ्या हातात आहे. तू माझ्याकडेच येणार."

काकू शेपटाला म्हणाल्या, "डोकं नेऊन काय करणार बाय? ज्याला डोकं नसतं त्यालाच ते लागतं."

मासेवाली दोघींकडे आळीपाळीने बघत राहिली. "आज्यांनो, मासा घ्यायचाय काय तुम्हाला, की लग्न ठरवायचंय त्याचं?"

आई सुरमईला म्हणाल्या, "ही तुला ताजी म्हणते गो. तू कालची आहेस."

"कालची?" काकू शेपूट हलवत म्हणाल्या. "ही गडग्याच्या भांडणाच्या वेळची आहे. आमच्या दोघींचे नवरे हिला ओळखत असतील."

मग आईंच्या पोटातून हसू वर आलं. आधी खांदे, मग नथ, मग पुढचे पडलेले दात दाखवत सगळा चेहरा. काकू त्याहून जोरात. हसता हसता त्यांचा पाय बर्फाच्या पाण्यावरून सरकला आणि तोल सावरायला त्यांनी आईंचा डावा खांदा गच्च धरला.

मी बटण दाबलं.

सुरमई दोघींनी मधोमध कापून घेतली. डोकं आईंनी नेलं. परतताना एकाच रिक्षात बसलो, आणि सगळी वाट दोघी रिक्षावाल्याशी बोलत होत्या. त्या बिचाऱ्याला वाटलं, आपण फार गप्पिष्ट म्हाताऱ्यांना बसवलंय.

संध्याकाळी मी फोटो दाखवला. आईंनी चष्मा पुसून लावला आणि खूप वेळ बघितला. "ही मीच," एवढंच म्हणाल्या. मी मनात गुढी उभारली.

पण अडचण उघड होती. काकू जिवंत, आणि जिवंत माणसाच्या फोटोला हार घालायचा नसतो. त्यांना कापणं भाग. माझ्या नवऱ्याला त्या कामाचा अनुभव होताच. त्याने मोबाईलवर काकूंना कापलं, आणि पुन्हा तेच! काकू गेल्या, हात राहिला. बांगड्या भरलेला, आईंचा खांदा आवळून धरलेला.

"आता काळजी नाही," नवरा उत्साहाने म्हणाला. "हल्ली हातसुद्धा पुसता येतो. पत्ता लागत नाही."

आणि खरंच त्याने पुसला. खांदा अगदी स्वच्छ. ज्या एका अटीवर आई फोटोला तयार झाल्या होत्या, ती तंतोतंत पाळली गेली. त्याने दोन्ही फोटो त्यांच्यापुढे धरले, हाताचा आणि बिनहाताचा.

मी वाकून पाहिलं. बिनहाताच्या फोटोत चेहरा तोच होता, दात तेच नसलेले, पण बाई कोणाबरोबर हसतेय ते कळत नव्हतं. एकटीच, कशालाही हसणारी. मला बोलायचं होतं, पण हा फोटो माझा नव्हता. भिंतीवर राहायचं होतं ते आईंना.

आईंनी एक फोटो बघितला, दुसरा बघितला. मग मान वर करून भिंतीकडे पाहिलं. सकाळचा हार सुकला होता आणि त्याखालून खड्याची अंगठी डोकावत होती. बाहेर गडग्यापलीकडे काकू कुत्र्याला सुरमई कशी शिजली ते सांगत होत्या.

आईंनी मोबाईल खाटेवर ठेवला आणि पलीकडच्या अंगणात ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडल्या, "हात राहू दे रे! ह्यांच्या खांद्यावर पलीकडचा नवरा, माझ्या खांद्यावर त्याची बायको, झाली फिट्टंफाट!"