हाय. मंग?

"आई, आज मी रडले नाही!" शाळेतून येताच माझी पहिलीतली लेक ओरडली. "मुलं 'चष्मिश' म्हणाली. मी शांतपणे म्हटलं, 'हाय. मंग?' सगळी खेळायला पळाली!"

मला एकदम खडूचा वास आला. कोन गावाहून मी पनवेलच्या शाळेत आले, तेव्हा माझं बोलणं ऐकून मुली 'गावठी' म्हणत हसायच्या. बाईंनी शिकवलं, "रडायचं नाही, भांडायचं नाही. डोळ्यांत बघून म्हणायचं, 'आहे. मग?'"

दुसऱ्या दिवशी मुली पुन्हा 'गावठी' म्हणाल्या. तोंडून निघालं, "हाय. मंग?" चुकलंच, म्हणून मी बाईंकडे पाहिलं. त्या दारात टाळ्या वाजवत होत्या!

लेकीला मात्र मी 'आहे. मग?' असंच शिकवलं होतं. माझ्या जिभेवरून कधीच गेलेलं 'हाय' तिनं कोनच्या आजीकडून परत आणलं!